परदेशी कॉलचं रूटिंग: सोलापूरच्या कारखानदार आणि निर्यातदारांचे नेहमीचे प्रश्न

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, गावातलं युनिफॉर्मचं युनिट, सांगोला-पंढरपूरकडचं डाळिंबाचं पॅकहाउस. ज्यांच्या ऑफिसात दहा-वीस एक्स्टेंशनचा ईपीएबीएक्स किंवा आयपी पीबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारं छोटं एक्सचेंज) आहे आणि ज्यांचा बायर परदेशात आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. यातल्या बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलची सोय, सरसकट चालू करू नका. ज्या देशाशी धंदा आहे तेवढाच देश उघडा.

बायरशी व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलतो. मग फोन सिस्टिमवर आयएसडी हवंच कशाला?

चालतंय तिथे जरूर वापरा. पण सोलापूरचा बराच माल आखातात जातो, आणि संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस कॉल चालत नाहीत. दुबईच्या पार्टीला मेसेज जातो, कॉल लागत नाही. शिवाय बायरची बँक, शिपिंग कंपनीचं तिकडचं ऑफिस, माल तपासणारी एजन्सी हे सगळे लँडलाइनवर असतात. एलसीतली, म्हणजे बँकेच्या पतपत्रातली, एखादी अट अडली की बँकेच्या बोर्डावरच फोन लावावा लागतो.

दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा सगळा संवाद एका माणसाच्या मोबाइलमध्ये राहतो. एक्स्पोर्ट मॅनेजर नोकरी सोडून गेला की बायरचे कॉल त्याच्याच खिशात वाजत राहतात. नंबर कंपनीचा असेल तर माणूस बदलला तरी बायर तुमच्याच दारात येतो.

रूटिंग म्हणजे सिस्टिम नक्की काय करते?

एक्स्टेंशनवरून नंबर फिरवला की सिस्टिम तो सुरुवातीच्या आकड्यांवरून ओळखते. दोन-तीन आकडी असेल तर आतलं एक्स्टेंशन, दहा आकडी मोबाइल, शून्यापासून सुरू होणारा देशातला एसटीडी, दोन शून्यांपासून सुरू होणारा परदेशी. मग तो कॉल कोणत्या लाइनने, म्हणजे ट्रंकने, बाहेर काढायचा, जाताना त्यात कोणते आकडे गाळायचे किंवा जोडायचे आणि हा कॉल लावायची परवानगी या एक्स्टेंशनला आहे का, हे ती ठरवते.

फ्रीपीबीएक्ससारख्या आयपी पीबीएक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये हे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागू होतो. म्हणून क्रम नीट लावा: सर्वांत वर ११२ आणि इतर आपत्कालीन नंबर, मग देशातले, मग एकेक उघडलेला देश, आणि शेवटी “दोन शून्यांचं बाकी सगळं” अडवणारा नियम. हा शेवटचा नियम बहुतेक ठिकाणी नसतोच. “लागला तर लागला, नाही तर नाही” अशा भरवशावर काम चालतं. नियम स्पष्ट लिहिलेला असावा, म्हणजे अडलेला प्रत्येक प्रयत्न नोंदीत दिसतो.

आमच्याकडे बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबतात. परदेशी कॉल त्यामुळेच लागत नाही का?

बऱ्याचदा तेच कारण असतं. शून्य हा बाहेरच्या लाइनचा आकडा असेल आणि कोणी सरळ ००९७१ फिरवलं, तर पहिलं शून्य लाइन घेण्यात खर्च होतं. पुढे ०९७१ असं उरतं, ते देशातल्या एसटीडी नंबरसारखं दिसतं आणि कॉल भलतीकडे जातो किंवा पडतो. अशा सिस्टिमवर शून्य, मग ००९७१, म्हणजे एकूण तीन शून्यं फिरवावी लागतात. जुन्या माणसांना हे सवयीने जमतं, नवा मुलगा मात्र दिवसभर “लाइन लागत नाही” म्हणत बसतो.

शून्याऐवजी ९ ठेवला तरी सुटका नाही, कारण कितीतरी मोबाइल नंबर ९ नेच सुरू होतात. नवी आयपी सिस्टिम बसवत असाल तर बाहेरच्या लाइनचा आकडा काढूनच टाका. एक्स्टेंशन तीन आकडी ठेवा आणि ती शून्यापासून किंवा १ पासून सुरू करू नका. १ ने सुरू केली की १०८ आणि ११२ शी गुंतागुंत होते. मग मोबाइलवर फिरवतो तसाच नंबर टेबलावरच्या फोनवर फिरवता येतो.

बायरच्या कार्डावरचा नंबर जसाच्या तसा फिरवला तरी “नंबर चुकीचा आहे” असं ऐकू येतं.

कार्डावर कंसात शून्य आहे का बघा. जर्मन आणि ब्रिटिश कार्डांवर +४९ (०)६९ अशी छपाई फार दिसते. ते कंसातलं शून्य त्यांच्या देशातून फोन करणाऱ्यांसाठी असतं. आपण ते गाळायचं. फ्रँकफुर्टसाठी ००४९६९ आणि पुढे नंबर. आपल्याकडेही तेच आहे: सोलापूरचा कोड देशात ०२१७, बाहेरून +९१ २१७.

इटली याला अपवाद आहे. तिथल्या लँडलाइनचं सुरुवातीचं शून्य बाहेरून फिरवतानाही ठेवावं लागतं, रोमसाठी ००३९०६. म्हणून “देशाच्या कोडनंतरचं शून्य आपोआप काढ” असा सरसकट नियम सिस्टिममध्ये घालू नका. जर्मनी आणि ब्रिटनच्या नियमात तो घाला, इटलीच्या नियमात नको.

मोबाइलमधले नंबर + ने सेव्ह आहेत. सॉफ्टफोनवरून (मोबाइल किंवा संगणकावरच्या फोन अ‍ॅपवरून) ते लागत नाहीत.

सिस्टिमला + कळत नसेल तर तो सुरुवातीलाच ०० मध्ये बदलून घ्या, म्हणजे पुढचे सगळे नियम एकाच रूपात लिहिता येतात. शेवटी ट्रंकवर देताना ऑपरेटरला जे रूप हवं त्यात परत बदला. कुणाला + सकट हवा असतो, कुणाला ००, कुणाला नुसता देशाचा कोड. हे ऑपरेटरकडून लेखी मागून घ्या. फोनवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

नंबर फिरवल्यावर चार-पाच सेकंद काहीच होत नाही. सिस्टिम बिघडली आहे का?

नाही. परदेशी नंबरची लांबी ठरलेली नसते. आंतरराष्ट्रीय नियमाने देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ आकडे असू शकतात, म्हणून “अजून आकडा येईल” असं समजून फोन थांबतो. नंबरनंतर # दाबला की बहुतेक फोन लगेच कॉल पाठवतात. जिथे लांबी ठाऊक आहे तिथे ती नियमात लिहा: दुबईची लँडलाइन ९७१ नंतर आठ आकडे, अमिरातीतला मोबाइल नऊ आकडे.

कोणते देश उघडायचे, हे कसं ठरवू?

मागच्या दोन वर्षांची एक्स्पोर्टची बिलं काढा आणि त्यावरच्या देशांची यादी करा. बायर, त्याचा एजंट, ट्रान्सशिपमेंटचं (माल जहाज बदलतो ते) बंदर, मशिनरीचा पुरवठादार, एवढंच. यंत्रमाग किंवा डाइंगची मशिनरी जर्मनी, इटली किंवा चीनची असेल तर सर्व्हिसच्या कॉलसाठी ते देश धरा. बहुतेक कारखान्यांची यादी दहा-बारा देशांच्या पुढे जात नाही. जगात दोनशेच्या आसपास देश-प्रदेशांचे कोड आहेत. ज्यांच्याशी तुमचा कधी शब्दही झालेला नाही, त्यांच्यासाठी लाइन उघडी ठेवण्याचं काहीच कारण नाही.

नवा बायर आला तर? कोड जोडायला पाच मिनिटं लागतात. तेवढा त्रास घ्या.

कोड टाकताना आकडे दोनदा वाचा, कारण शेजारचा कोड महागात पडू शकतो. बांगलादेश ८८०, तर ८८१ हा सॅटेलाइट फोनचा. नेपाळ ९७७, तर ९७९ हा आंतरराष्ट्रीय प्रीमियम दराच्या सेवांचा. ८७० हाही सॅटेलाइटचा, समुद्रावरच्या जहाजांशी बोलण्याचा. ८८२ आणि ८८३ कोणत्याही एका देशाचे नाहीत. हे सगळे नावानिशी बंद करा. “८८ ने सुरू होणारं सगळं चालू” असा आळशी नियम लिहिलात, तर बांगलादेशाबरोबर सॅटेलाइटही उघडला.

अमेरिकेसाठी ००१ उघडलं. एवढं पुरे ना?

पुरे नाही, उलट जास्त झालं. १ हा कोड एकट्या अमेरिकेचा नाही. कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश त्याच कोडखाली येतात. जमैका ८७६, डोमिनिकन रिपब्लिक ८०९, ८२९ आणि ८४९, बहामाज २४२. हे नंबर दिसायला अमेरिकेच्या एरिया कोडसारखेच दिसतात, दर मात्र वेगळा असतो, आणि मिस्ड कॉल देऊन उलटा फोन करायला लावणाऱ्या भामट्यांचे हे आवडते कोड आहेत. अमेरिकेच्या नियमाच्या वर या कोडांना अडवणारे नियम घाला. ऑर्डर एकाच शहरातल्या दोन-तीन बायरच्या असतील, तर फक्त त्यांचेच एरिया कोड उघडा. ते आणखी बरं.

सुट्टीत ऑफिस बंद असताना परदेशी कॉलचं मोठं बिल आलं. कॉल केले कुणी?

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक मालकाने एकदा नीट वाचावं.

इंटरनेटवर रात्रंदिवस फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्रॅम आहेत. ते ५०६० हा पोर्ट (इंटरनेटवरून फोन सिस्टिममध्ये शिरायचं दार) उघडा असलेली फोन सिस्टिम शोधतात. सापडली की १००, १०१, २०१ अशी एक्स्टेंशन आणि तसेच सोपे पासवर्ड लावून बघतात. आत शिरल्यावर ००, ०००, ९००, ०११ असे वेगवेगळे आकडे पुढे लावून परदेशी कॉल लागतो का ते तपासतात. लागला की शनिवारची रात्र किंवा लांब सुट्टी धरतात आणि एकाच वेळी जमतील तितके कॉल महागड्या परदेशी नंबरांवर सोडतात. त्या नंबरांवर येणाऱ्या पैशात चोराचा वाटा असतो. कॉल जितका लांब, तितकी त्याची कमाई. आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेत कारखाने बंद असतात, दिवाळीत कामगार गावी जातात. बिल सुट्टीनंतर समजतं, आणि कॉल तुमच्या लाइनवरून गेलेले असल्यामुळे पैसे सहसा तुमच्याकडेच मागितले जातात.

इंटरनेटकडून दार उघडं नसलं तरी दुसऱ्या वाटा असतात. व्हॉइसमेलचा पिन १२३४ आणि त्यातून बाहेर कॉल लावायची सोय चालू. बाहेरून फोन करून आतली लाइन मिळवायची सोय, जी कुणा जुन्या साहेबासाठी केली होती आणि नंतर विसरली गेली. किंवा एखाद्या एक्स्टेंशनवर परदेशी नंबरचं फॉरवर्डिंग. या तिन्ही आजच बंद करा.

काय करायचं ते महत्त्वाच्या क्रमाने सांगतो. सिस्टिम थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नका. ५०६० फक्त ऑपरेटरच्या आयपी पत्त्यासाठी उघडा. ऑफिसबाहेरून काम करणाऱ्या माणसाला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खासगी सुरक्षित वाट, द्या. प्रत्येक एक्स्टेंशनचा पासवर्ड लांब आणि वेगळा ठेवा, तो कुणाला पाठ असायची गरज नाही. चुकीचे पासवर्ड लावणाऱ्याला आपोआप अडवणारं फेलटूबॅन चालू ठेवा. परदेशी रूटवर एका वेळी दोन किंवा तीनच कॉल जातील अशी मर्यादा घाला. एका कॉलला तासाभराची मर्यादा घाला. परदेशी रूट फक्त कामाच्या वेळेत चालू राहील असं वेळेचं बंधन घाला. आणि ऑपरेटरकडे आयएसडीची दर महिन्याची कमाल रक्कम लेखी ठरवा. सिप सेवा (इंटरनेट पद्धतीची फोन लाइन) प्रीपेड असेल तर आपोआप रिचार्ज होण्याची सोय बंद करा. बाकी सगळं फसलं तरी नुकसान त्या रकमेवर थांबतं.

आयएसडी कोणाकोणाला द्यावं?

एक्स्पोर्टचं टेबल, मालक आणि हिशेब विभागातलं एक एक्स्टेंशन. गेट, कँटीन, शिफ्टचं टेबल यांना नाही. रिसेप्शनलाही नाही. तिथला फोन कुणीही उचलू शकतं, आणि रिसेप्शनिस्टने साहेबांना कॉल लावून द्यायची पद्धत असेल तर तो पिन टाकून लावावा. पिन माणसागणिक वेगळा ठेवा. सगळ्यांचा एकच पिन असला तर तो महिनाभरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला सापडतो. माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचा पिन काढा.

जुन्या ईपीएबीएक्सवरही हे जमतं. त्यात प्रत्येक एक्स्टेंशनला लोकल, एसटीडी, आयएसडी असे दर्जे देता येतात. मशीन बसवून देणाऱ्याकडून प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड मागून घ्या आणि कंपनीच्या तिजोरीत ठेवा. तो फक्त बाहेरच्या टेक्निशियनच्या डायरीत असणं बरोबर नाही.

पीआरआय बरी की सिप ट्रंक?

पीआरआय म्हणजे ऑपरेटरची डिजिटल फोन लाइन. अशा एका लाइनवर एकाच वेळी ३० जण बोलू शकतात. ती इंटरनेटवर अवलंबून नसते आणि आवाज ठणठणीत असतो. सिप ट्रंकमध्ये हव्या तेवढ्याच वाहिन्या घेता येतात आणि त्या वाढवणं सोपं असतं. वीस एक्स्टेंशनच्या ऑफिसला माझं मत सिपकडे, पण ऑपरेटरने वेगळ्या केबलवर दिलेली असेल तरच. घरगुती ब्रॉडबँडवर सिप चालवून परदेशी बायरशी बोलणं मी कुणालाच सुचवणार नाही.

एक ट्रंक पडली की दुसरी लागावी अशी सोय देशातल्या कॉलसाठी जरूर करा. परदेशी कॉलसाठी विचार करून करा. दुसऱ्या ट्रंकचा दर तिप्पट असेल तर पहिली पडल्याचं तुम्हाला महिनाअखेर बिलावरूनच कळेल. दुसऱ्या ट्रंकवर परदेशी कॉल गेला की ईमेल येईल अशी सूचना लावा.

एकजण फार स्वस्तात परदेशी कॉल देतो म्हणतो. सिमकार्डं भरलेला एक डबा ऑफिसात ठेवायचा आहे.

ठेवू नका. भारतातून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा फोन परवानाधारक आंतरराष्ट्रीय ऑपरेटरमार्फतच जावा लागतो. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून स्थानिक सिममधून सोडणारा असा डबा म्हणजे बेकायदा एक्सचेंज. टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट २०२३ प्रमाणे विनापरवाना दूरसंचार जाळं उभारणं गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जागा तुमची, वीज तुमची, इंटरनेट तुमचं, आणि पोलीस त्याच पत्त्यावर येतात.

पलीकडे आमचा नंबर बरोबर दिसत नाही. बायर फोन उचलत नाही.

ट्रंकवर जाणारा कॉलर आयडी +९१ २१७ आणि पुढे सात आकडे, असा पूर्ण रूपात पाठवा. ०२१७ पाठवलं तर पलीकडच्या फोनला त्याचा अर्थ लागत नाही. एक्स्टेंशनचा नुसता २०४ गेला तर बायरला तो फसवा कॉल वाटतो. ऑपरेटर तुमच्या नावावरचेच नंबर दाखवू देतो, दुसरा कोणताही टाकला तर कॉल अडतो.

दुबईतला तुमचा माणूस परदेशी इंटरनेट-फोन कंपनीच्या सेवेवरून भारतीय नंबर दाखवून इकडे फोन करत असेल, तर तो कॉल पोचेलच असं नाही. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल ओळखून रोखणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. त्याला तिकडचाच नंबर दाखवू द्या.

परदेशातून येणारा कॉल थेट एक्स्पोर्टच्या टेबलावर कसा आणू?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बायरसाठी वेगळा डीआयडी नंबर, म्हणजे थेट एका टेबलावर वाजणारा नंबर. तो कार्डावर, इनव्हॉइसवर आणि ईमेलखाली छापा. त्यावर मराठी-हिंदी-इंग्रजीचा मेन्यू नको, थेट घंटी वाजू द्या. आंतरराष्ट्रीय कॉलवर पैसे मोजणाऱ्या माणसाला “एक दाबा, दोन दाबा” ऐकवण्यात आपलाच तोटा आहे.

येणाऱ्या नंबरच्या कोडवरूनही वाट ठरवता येते, ९७१ आला की अमुक टेबल, ४९ आला की तमुक. पण तोच नंबर कधी + ने येतो, कधी ०० ने, कधी नुसता, आणि कधी कॉलर आयडीच येत नाही. चारही शक्यता धरून नियम लिहा.

बायरच्या वेळा आणि आमच्या सुट्ट्या कशा जुळवायच्या?

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, रियाध अडीच तास. फ्रँकफुर्ट हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. घड्याळ बदलायचे दिवसही दोघांचे वेगळे आहेत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत अंदाज चुकतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं ऑफिस आपल्या संध्याकाळी साडेसातला उघडतं, तेव्हा आपलं ऑफिस बंद झालेलं असतं. डीआयडीवर साडेसहा ते साडेदहा या वेळेत येणारा कॉल एक्स्पोर्ट मॅनेजरच्या मोबाइलवर जाईल असा वेळेचा नियम लावा.

आखातातल्या सुट्ट्या पाठ करा. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार, आणि शुक्रवारी अर्धा दिवस.

आणि आपली एक खास अडचण. फ्रँकफुर्टचं हेमटेक्स्टिल प्रदर्शन जानेवारीत भरतं, आणि इथे त्याच सुमाराला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची, यात्रा असते. तिकडे बायर सॅम्पल बघून चौकशीचे फोन लावतो आणि इकडे ऑफिसला कुलूप असतं. सिस्टिमच्या सुट्ट्यांच्या यादीत यात्रेचे दिवस घाला, पण त्या दिवसांत डीआयडी व्हॉइसमेलवर न सोडता चालू मोबाइलवर वळवा. बाहेर जाणारा परदेशी रूट मात्र बंदच ठेवा. या दोन गोष्टी वेगवेगळ्या नियमांत असतात, एकाच बटणाने दोन्ही बंद होणार नाहीत हे तपासून घ्या.

प्रदर्शनाला गेलेल्या माणसाला तिथून कंपनीचं एक्स्टेंशन वापरता येईल का?

येईल. मोबाइलवर सॉफ्टफोन घाला आणि तो कंपनीच्या व्हीपीएनमधूनच जोडा. हॉटेलच्या वायफायवरून थेट लागावं म्हणून ऑफिसच्या राउटरवर पोर्ट उघडून ठेवणं म्हणजे वर सांगितलेल्या चोराला बोलावणं. निघण्याआधी ऑफिसबाहेरच्या एखाद्या वायफायवरून एकदा लावून बघा.

बायरला आमचा १८०० नंबर दिला तर?

देशाबाहेरून तो सहसा लागत नाही. साधा +९१ २१७ चा नंबर द्या.

परदेशी कॉलवर आवाज तुटतो, किंवा एकाच बाजूला ऐकू येतो.

एकाच बाजूला ऐकू येत असेल तर दोष जवळजवळ नेहमी राउटरमध्ये असतो. राउटरवरचं सिप एएलजी (कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी राउटरची एक सोय) बंद करा. सिस्टिमला तुमचा बाहेरचा आयपी पत्ता बरोबर सांगा आणि आवाजाचे पोर्ट ऑपरेटरसाठी मोकळे करा. अ‍ॅस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरवर ते सहसा १०००० ते २०००० असतात.

तुटत असेल तर बँडविड्थ मोजा. जी-७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करायच्या एका पद्धतीवर) एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस लागतात, जी-७२९ वर सुमारे ३१. पाच कॉलना जी-७११ वर साडेचारशे केबीपीएसच्या आत भागतं. म्हणजे लाइन पुरते, पण डिझाइन विभाग त्याच वेळी मोठ्या फाइल अपलोड करत असतो. राउटरवर आवाजाला पहिला मान द्या. क्लाउड पीबीएक्स घेणार असाल तर त्याचा सर्व्हर मुंबईत आहे का ते विचारा. आवाजाला एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर बोलताना जाणवत नाही. सर्व्हर अमेरिकेत असला तर सोलापूर-दुबई संभाषण अमेरिकेचा फेरा मारून येतं आणि दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात.

वीज गेल्यावर पीबीएक्स इन्व्हर्टरवर असतो आणि इंटरनेटचा मोडेम नसतो, हा प्रकार एमआयडीसीत नेहमीचा. मोडेम, राउटर आणि स्विच तिघांनाही त्याच बॅकअपवर घ्या.

सगळं लावून झालं. तपासायचं कसं?

उघडलेल्या प्रत्येक देशाच्या एका लँडलाइनला आणि एका मोबाइलला फोन लावा. पलीकडच्याला विचारा, कोणता नंबर दिसला. मग बंद केलेले कोड फिरवा: जमैकाचा, ८८१ चा, आणि परवानगी नसलेल्या गेटच्या फोनवरून दुबईचा. हे तिन्ही अडले पाहिजेत. नंतर प्रत्येक एक्स्टेंशनवर ११२ ची वाट पिनशिवाय मोकळी आहे का ते नियमांच्या यादीत बघा.

महिनाअखेर सिस्टिममधली कॉलची नोंद आणि ऑपरेटरचं बिल शेजारी ठेवा. पल्स, म्हणजे बिल मोजायचं एकक, सेकंदाचा आहे की मिनिटाचा, हे दरपत्रकात बघा. मिनिटाचा असेल तर ६१ सेकंदांच्या कॉलला दोन मिनिटांचे पैसे लागतात. युरोप आणि अमिरातीत मोबाइलचा दर लँडलाइनपेक्षा वेगळा असू शकतो, तो वेगळा तपासा. नोंदीतली वेळ आणि बिलातली वेळ साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सिस्टिमचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहिलेलं आहे. ते भारतीय वेळेवर आणा. नाहीतर रूटवर घातलेलं कामाच्या वेळेचं बंधनही साडेपाच तास उशिरा सुरू होईल आणि रात्रीपर्यंत उघडं राहील.